अर्ध्या बोकडाचा हिशेब

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक ऐतिहासिक प्रवेश असायचा. मी सातवीत असताना आमच्या वर्गाच्या वाट्याला राज्याभिषेक आला. महाराज ठरले, जिजाऊ ठरल्या, गागाभट्ट ठरले; अष्टप्रधानांसाठी तर मुलांची अक्षरशः भांडणं झाली. त्याआधीच्या दोन वर्षांत मला न मागता शाहिस्तेखान आणि सिद्दी जौहर मिळाले होते. या प्रवेशात मात्र कुणी खान नव्हता. गुरुजींनी यादी दोनदा वरखाली पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू पडदा ओढ." मी ओढला. गुरुजी मनानं वाईट नव्हते. त्यांना खरोखरच काही सुचलं नसावं. मलाही काही वाईट वाटल्याचं आठवत नाही, कारण पडदा ओढणाऱ्याला विंगेतून सगळं नाटक फुकट बघायला मिळतं. पण त्या दिवशी रायगडावर माझ्यासारखं कोणी असेल तर ते काय करत असेल, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला.

त्याचं एक उत्तर मला पुढं तीसेक वर्षांनी मिळालं, आणि तेही एका इंग्रज डॉक्टरच्या पुस्तकात. मी इतिहासाचा माणूस नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो, बंदरावर कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. वाशीला राहणाऱ्या एका वाचनवेड्या मित्रानं काही झेरॉक्स पानं हातात ठेवली आणि म्हणाला, "हे बघ, तुझ्या उपयोगाचं आहे." सतराव्या शतकातली इंग्रजी. शब्दकोश उघडा ठेवून, एकेका वाक्याशी झटापट करत चार पानं वाचायला मला दोन रविवार लागले.

हा डॉक्टर म्हणजे जॉन फ्रायर. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत 1673 च्या अखेरीस तो इकडे आला, मुंबईला आणि सुरतेला राहिला, 1675 मध्ये कल्याणमार्गे जुन्नरला जाऊन तिथल्या मोगल अधिकाऱ्याकडे उपचारासाठी राहून आला. त्याचं प्रवासाचं पुस्तक लंडनला 1698 मध्ये छापलं गेलं. फ्रायर स्वतः रायगडावर गेला नव्हता. गेला होता हेन्री ऑक्झिंडेन, कंपनीचा वकील. ऑक्झिंडेनच्या वकिलातीची हकीकत फ्रायरनं आपल्या पुस्तकात घातली आणि तिच्या शेवटाला, जाता जाता, जेवणाबद्दलची एक गंमत जोडली. राज्याभिषेकावर आपल्याकडे इतकं लिहिलं गेलं, पण या गंमतीकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं आहे.

वकिलात कशासाठी होती ते थोडक्यात सांगतो. राजापूरची इंग्रजांची वखार महाराजांच्या फौजेनं 1661 मध्ये लुटली होती, तिची भरपाई हवी होती; व्यापाराचा तह हवा होता; आणि महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीशी जमवून घ्यावं अशीही इंग्रजांची इच्छा होती. ही शेवटची इच्छा महाराजांनी मानली नाही. ऑक्झिंडेन मे 1674 मध्ये मुंबईहून निघाला. चौल, तिथून खाडीनं रोहा, मग निजामपूरवरून पाचाड. आज आम्ही नवी मुंबईकर पनवेल-पेण-माणगाव करत तीन-चार तासांत पाचाडला पोचतो. त्याला वाटेत कित्येक मुक्काम करावे लागले. महाराज तेव्हा प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणून मंडळी पायथ्याशी थांबली. 22 मे रोजी गडावर चढली आणि तह उरकून 13 जूनला उतरली. या मधल्या दिवसांत ऑक्झिंडेननं पुष्कळ पाहिलं. महाराजांची सुवर्णतुला झाली, तिला सुमारे 16 हजार होन लागले. राज्याभिषेकाच्या सकाळी तो दरबारात गेला. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोन्याच्या भाल्यांवर अधिकाराची चिन्हं होती, त्यांत मोठ्या दातांचं माशाचं सोन्याचं मस्तक होतं आणि एका भाल्याच्या टोकाला न्यायाचा तराजू. दुभाषी नारायण शेणवी यानं नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली तेव्हा महाराजांचं लक्ष गेलं आणि त्यांना सिंहासनाच्या पायरीपर्यंत बोलावण्यात आलं. बाहेर येताना राजवाड्याच्या दाराशी दोन लहान हत्ती आणि दोन घोडे शृंगारून उभे होते. असल्या अवघड वाटेनं हे हत्ती वर आणले कसे, हे काही त्याला उमगलं नाही. कोणी म्हणतात, पिल्लं असतानाच आणली.

इथं तारखेची एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढं तिचं काम आहे. आपण 6 जून म्हणतो ती त्या वेळच्या इंग्रजी पंचांगाची तारीख. इंग्रज तेव्हा जुनं पंचांग वापरत होते आणि ते आजच्या पंचांगापेक्षा दहा दिवस मागं होतं. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596 ही तिथी आजच्या मोजणीनं 16 जूनला येते. म्हणजे मृग निघालेला, कोकणात पावसाचे दिवस, सह्याद्रीत धुकं. आपल्या चित्रांत आणि सिनेमांत राज्याभिषेकाला नेहमी लख्ख ऊन असतं. मला तरी त्या दिवशीचे दगड ओले दिसतात.

आता जेवणाबद्दल. गडावरचं लोकांचं आवडतं खाणं म्हणजे खिचडी, डाळ-तांदूळ एकत्र शिजवून वर भरपूर तूप, असं फ्रायर सांगतो. हे खाऊन माणसं गुटगुटीत होतात हेही तो मान्य करतो. पण मांसाला चटावलेल्या इंग्रजांचं त्यावर किती दिवस भागणार? त्यांनी महाराजांच्या कानावर घातलं. हुकूम झाला. गडावर जे थोडेफार मुसलमान होते, त्यांतल्या ऐपतदारांना मांस पुरवणारा एक खाटीक होता. त्यानं या पाहुण्यांना बोकडाचं मांस द्यावं असं ठरलं. दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं. रोजचा खप अर्धा बोकड. खाटकाचा धंदा तेजीत आला आणि मग त्याला एक उत्सुकता लागली. आपलं एवढं मांस खाणारी ही माणसं आहेत तरी कशी? तो खूप म्हातारा होता. तरीही एक दिवस गड चढून वर आला. इंग्रजांना सांगण्यात आलं की हा तुमचा खाटीक, तुमचं दर्शन घ्यायला आला आहे. तुम्ही इतक्या दिवसांत त्याच्याकडून जेवढं मांस घेतलंत तेवढं त्यानं मागच्या काही वर्षांत मिळून विकलं नव्हतं.

एवढंच. त्यानंतर फ्रायर भाजलेलं मांस उष्ण हवेत पचतं का याच्या डॉक्टरी चर्चेत शिरतो आणि म्हातारा पुस्तकातून नाहीसा होतो. ना त्याचं नाव दिलं आहे, ना गाव.

पानं वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मी ज्या घरात वाढलो तिथं हा हिशेब कुणीही पाटीवर मांडला असता. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात माझे नाना, म्हणजे आईचे वडील, गावचे मुलाणी होते. मुलाणी हा बलुतेदार. भैरोबाच्या जत्रेला घरोघरचे बोकड नानांच्या सुरीखालून जायचे. पाटलाचा असो की रामोशाचा, नाना बिस्मिल्ला म्हणायचे आणि घरधनी हात जोडून उभा असायचा. नानांचा वाटा ठरलेला. त्यावरून मागणी नाही की तक्रार नाही. म्हणून हिंदू लोक मांस खातच नाहीत, हे फ्रायरचं विधान वाचून मला हसू आलं. मावळातला माणूस जत्रेला, नवसाला, लग्नाच्या वऱ्हाडाला खात असणारच. पण जत्रेच्या बोकडाला दुकान लागत नाही. बोकड घरचा, माणसं घरची, कापणारा गावचा. पैसे मोजून, पानात बांधून मांस घेणारं गिऱ्हाईक मात्र गडाखालच्या त्या मुलखात दुर्मीळ असणार. फ्रायरला फरक कळला नाही तो इथं.

हिशेब असा. इंग्रज गडावर 23 दिवस होते. पहिल्या दिवसापासून रतीब लागला असं धरलं तरी साडेअकरा बोकड होतात. साडेअकरा! आणि हा माणूस म्हणतो, एवढं मी काही वर्षांत विकलं नाही. खूश झालेला दुकानदार थोडं वाढवून बोलतो हे मान्य. गिऱ्हाइकासमोर तर बोलणारच. तरी त्या बोलण्यातून त्याची आधीची वर्षं डोळ्यांपुढं उभी राहतात. महिन्यामहिन्याला एखादा बोकड विकला जातोय न जातोय. बाकीचे दिवस काय करत असेल? थोडी शेती असेल, कातडी कमावत असेल, कुणाच्या शेरडांची राखण करत असेल.

आणि दुसरा अर्धा? हा प्रश्न कुठल्याही इतिहासकाराला पडणार नाही, पण मुलाण्याच्या नातवाला पहिल्यांदा तोच पडतो. नाना म्हणायचे, ज्येष्ठातलं मटण दुपार बघत नाही. बर्फ नाही, फ्रीज नाही, हवा दमट. सकाळी कापलेल्या बोकडाचा अर्धा भाग गडावर गेला. उरलेला अर्धा उद्यासाठी ठेवता येत नाही. मग तो रोज कोण घेत होतं? राज्याभिषेकासाठी गडावर आणि पायथ्याला जमलेली माणसं असणार. घोड्यांचे मोतद्दार, ओझी वाहणारे, पहाऱ्याचे शिपाई. इंग्रजांच्या अर्ध्यामुळं दुसरा अर्धा स्वस्त पडला असेल आणि एरवी जत्रेशिवाय मटण न पाहणाऱ्या कुणाच्या तरी भाकरीबरोबर दोन तुकडे पडले असतील. हे सगळं माझं तर्कशास्त्र. कागदात फक्त पहिला अर्धा आहे.

कृष्णाजी अनंत सभासद यानं 1690 च्या दशकात जिंजीला बसून बखर लिहिली. राज्याभिषेकाचं वर्णन करताना त्याचा हात सैल सुटतो. सिंहासन 32 मण सोन्याचं, 50 हजार ब्राह्मण, दानधर्माला अंत नाही. आकडे जसेच्या तसे घ्यावेत असं कुणी म्हणत नाही. पण अर्धे जरी धरले, तरी समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर उंचीच्या त्या कड्यावर एवढ्या माणसांना दोन वेळा जेवू घालायचं म्हणजे काय, याचा अंदाज घरी एक लग्न काढलेल्या कुणालाही येईल. लाकूडफाटा कुणी वाहिला? पत्रावळी कुणी लावल्या? गंगासागराचं पाणी मुदपाकखान्यापर्यंत कुणी आणलं? उष्टी कुणी काढली? पावसात चुली पेटत्या ठेवण्यासाठी छप्परं कुणी शाकारली? सभासद बोलत नाही. त्याचं ते कामही नव्हतं. राजाच्या बखरीत पाणक्याचं नाव येत नसतं. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव राहिलं तेसुद्धा जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पावलाखाली. ते निदान कोरलं गेलं. खाली धोंडा फोडणाऱ्याचं तेवढंही नाही.

म्हणून आपल्या लोकांनी काय केलं? गोष्ट रचली. हिरकणीची गोष्ट कुणाला ठाऊक नाही? दूध विकायला गडावर आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं मूल, आणि रात्री कडा उतरलेली ती आई. समकालीन कागदांत हिरकणी कुठं नाही. पण बुरुजाला तिचं नाव आहे, पाठ्यपुस्तकात धडा आहे, 2019 मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. मी तिला खोटी म्हणणार नाही. राजधानीला रोज दूध लागतं, ते कुणीतरी बाई डोक्यावर घेऊन चढते आणि तिचं मूल घरी असतं, हे तर खरंच आहे ना? गोष्टीनं त्या बाईला एक नाव दिलं. माझ्या खाटकाचं नेमकं उलटं झालं. त्याचा कागद आहे, पक्का, त्याच काळातला. पण त्याची गोष्ट कुणी केली नाही.

आपली ऐतिहासिक कादंबरी जुनी. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' ही पहिली मानतात, ती 1871 ची. पुढं हरिभाऊ आपटे, नाथमाधव, मग रणजित देसाई, ना. सं. इनामदार, शिवाजी सावंत. 'श्रीमान योगी' मी कॉलेजात असताना रात्रीचा दिवस करून वाचली आहे आणि आजही तिच्याबद्दल वावगा शब्द ऐकून घेत नाही. पण या कादंबऱ्यांत साधी माणसं येतात ती बहुधा मशाल धरायला, निरोप आणायला, मुजरा करून मागच्या पावली जायला. दोन वाक्यं मिळाली तर दुसऱ्या वाक्यात ती राजासाठी जीव द्यायला तयार असतात. तसं जीव देणारे होतेच, म्हणून तर राज्य झालं. त्याच साली फेब्रुवारीत नेसरीला प्रतापराव गुजर पडले होते. पण राजधानीच्या पायथ्याला असाही माणूस असतो, ज्याला आज उधारी वसूल करायची असते आणि ज्याचा गुडघा दुखत असतो.

मी ठरवलं, या म्हाताऱ्याची गोष्ट आपण लिहायची. कविता झाली तर कविता, नाहीतर कथा. आणि लिहायला बसल्यावर जे झालं ते सांगण्यासाठीच हा एवढा खटाटोप.

पहिल्या खर्ड्यात माझा म्हातारा गड चढला, राजवाड्याच्या दाराशी आला, दुरून सिंहासनाकडं पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं आकाशाकडं हात उचलून राजासाठी दुआ मागितली. वर मी आणखी एक शोध लावला होता. राज्याभिषेकाच्या दिवसाची हिजरी तारीख मांडून पाहिली, तर सन 1085 चा रबिउल अव्वल महिना निघाला आणि एक-दोन दिवसांच्या फरकानं बारावी तारीख, म्हणजे आमचा बारावफात, पैगंबरांच्या जन्माचा दिवस! मला तर हर्षवायू झाला. इकडे अभिषेकाचे मंत्र, तिकडे म्हाताऱ्याच्या ओठांवर दरूद. कथेचा शेवटच सापडला.

बायकोला वाचून दाखवलं. ती माझं सगळं पहिल्यांदा ऐकते आणि फारसं काही बोलत नाही. या वेळी बोलली. "पण तो इंग्रजांना बघायला आला होता ना?"

मी म्हटलं, "हो, पण..."

"मग राजाला बघून रडायला तू लावलंस त्याला. कुणाला दाखवायचंय तुला?"

मी गप्प बसलो. कुणाला दाखवायचं होतं हे मला ठाऊक होतं. सातवीतल्या गुरुजींना. लोकलमध्ये नाव विचारून मग जरा सरकून बसणाऱ्याला. दर जूनमध्ये मोबाइलवर येणाऱ्या याद्यांना. एका यादीत महाराजांच्या पदरी किती मुसलमान होते त्यांची नावं असतात. आरमाराचा दौलतखान, पायदळाचा नूरबेग, पारसनीस काझी हैदर; ही नावं खरी आहेत. त्यातच आग्र्याचा मदारी मेहतरही असतो. तो उत्तरकालीन लिखाणात येतो, समकालीन कागदांत नाही, पण यादीतून त्याला कुणी काढत नाही. दुसऱ्या बाजूची यादीही असते, अफजलखानापासून सुरू होणारी. दोन्ही याद्या मलाच पाठवल्या जातात. पहिली पाठवणारे प्रेमानं पाठवतात, हे मला कळतं. पण त्या प्रेमातही मला एक दाखला दिला जात असतो, आणि दाखला ज्याला लागतो तो माणूस उमेदवारच राहतो. मी माझ्या म्हाताऱ्यालाही तसाच एक दाखला लिहून दिला होता, त्याच्या सहीशिवाय.

दुसरा खर्डा रागानं लिहिला. त्यात म्हातारा उपेक्षित झाला. खाली राबणारा, वरच्या सोन्याकडं पाहून सुस्कारे टाकणारा, कुणी न विचारणारा. आठ दिवसांनी मीच फाडला. कारण फ्रायरच्या चार ओळींत असं काही नाही. तिथला म्हातारा खुशीत आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा धंदा चालला आहे, तोही सरकारी हुकमानं. त्याला दुःखी करायचा मला काय अधिकार? सोन्याचा त्याला हेवा वाटला की नाही, हेही मी त्याच्या वतीनं ठरवायला निघालो होतो.

आणखी एक अडचण मी इतके दिवस स्वतःपासूनच लपवून ठेवली होती. फ्रायर म्हणतो, तो मुसलमानांना मांस पुरवायचा. तो स्वतः मुसलमान होता असं फ्रायर कुठंही म्हणत नाही. गिऱ्हाईक मुसलमान म्हणजे जनावर हलाल केलेलं हवं, त्यावरून अंदाज बांधता येतो. पण खाटीक समाज हिंदूंतही आहे, आणि सुरी मुलाण्यानं धरली आणि विक्री खाटकानं केली असंही होऊ शकतं. ज्याच्यासाठी मी झोप घालवली तो कदाचित माझ्या पंगतीचा नव्हताच! हे लक्षात आल्यावर प्रथम हिरमुसलो. मग हलकं वाटलं. तो कुणीही असो, म्हातारा तर होता, गड तर चढला होता.

बारावफातही मी कथेतून काढून टाकला. तारीख खरी आहे, पण तो ज्या दिवशी गड चढला तो दिवस राज्याभिषेकाचा होता असं कुठं आहे? कॅलेंडरानं दिलेला योगायोग मी त्याच्या डोक्यावर ओझ्यासारखा ठेवत होतो. आधीच त्याचे गुडघे दुखत होते.

मागच्या एका जूनमध्ये, उत्सवाची गर्दी ओसरल्यावर, मी रायगडला गेलो. वर जायला 1996 पासून रोपवे आहे, काही मिनिटांत माणूस वर. मुलगा म्हणाला, अब्बा, रोपवेनं जाऊ. मी म्हटलं, तू जा, मी चालत येतो. मग तोही चालत आला, बिचारा. पावसाची भुरभुर होती. महादरवाज्यापर्यंत मी किती वेळा बसलो ते मोजलं नाही. पायऱ्या आताच्या आहेत, तेव्हाची वाट आणखी कठीण असणार. वर बाजारपेठ म्हणून दाखवतात ती उंच जोत्यांची दुहेरी रांग ओली चकचकीत झाली होती. तिथं टेकून धाप टाकताना मला एक साधी गोष्ट कळली, जी टेबलाशी बसून कळली नव्हती. इतकं वर कुणीही नुसता कामासाठी येईल, हुकूम झाला म्हणून येईल, नवस म्हणून येईल. पण खूप म्हातारा माणूस कशासाठीही न बोलावता, केवळ आपलं गिऱ्हाईक कसं दिसतं ते बघायला येतो, तेव्हा त्याच्यात काहीतरी भारी असतं. त्या सबंध सोहळ्यात जी माणसं गडावर होती त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण मानासाठी, दानासाठी, तहासाठी, नाहीतर चाकरीसाठी आला होता. हा एकटा कुतूहलापोटी आला. आणि इंग्रजांना तो इतका गमतीचा वाटला की त्याची हकीकत लंडनमध्ये छापली गेली. मात्र त्याला इंग्रज कसे वाटले हे कुणी टिपलं नाही. लालबुंद, घामाघूम, पावसात कपडे न वाळलेले ते तीन-चार गोरे बघून तो परत उतरताना काय म्हणाला असेल? माझी खात्री आहे, तो हसला असणार. एवढंसं खाऊन ही माणसं इतकी मांसाची भुकेली कशी, किंवा एवढं खाऊनही अशी किडकिडीत कशी, असलं काहीतरी तो घरी बोलला असणार.

तिसरा खर्डा आता चालू आहे. त्यात तो पाचाडचा आहे. ही सूट मी घेतली. गडाखाली वस्ती आहे, बाजार आहे आणि जिजाऊंचा वाडाही आहे. चढतानाची गोष्ट लिहून झाली. वरची भेट लहान ठेवली आहे, दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा येत नाही, नारायण शेणवी मध्ये उभा राहून दोघांचंही थोडं थोडं बदलून सांगतो.

उतरल्यानंतरचं मात्र अजून जमत नाही. कारण तिथं तारखा पुन्हा समोर येतात, आणि या वेळी त्या टाळता येत नाहीत. 13 जूनला इंग्रज गड सोडून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यानं सवयीनं बोकड बांधलेल्या खुंटाकडं पाहिलं असेल आणि आठवलं असेल की आता अर्धा नेणारं कुणी नाही. चार दिवसांनी, 17 जूनला, जिजाऊ गेल्या. पाचाडलाच, पायथ्याच्या त्या वाड्यात, राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी. गडावरची तोरणं अजून उतरली नसतील. ज्या वाटेनं सोनं, समया आणि शिधा वर गेला होता, त्याच वाटेनं राजा खाली आला. पाचाडात त्या दिवशी चुली पेटल्या नसतील. पाऊस असेल. म्हातारा दाराशी बसून राहिला असेल, आणि दुकान उघडायचं नाही हे त्याला कुणी सांगावं लागलं नसेल.